कीप म्हणजे राखणे

४ डिसेंबर

आधी या वहीची माफी मागतो. सायलीने ही वही मला दिवाळी झाल्यावर, तिचे आईबाप उसाला गेले त्याच आठवड्यात दिली होती. रोज चार ओळी लिहायच्या असं ठरलं होतं. आज तीन आठवडे होत आले आणि पहिलं पान कोरंच आहे. कारण भीती, दुसरं काही नाही. बोललेलं वाऱ्यावर जातं. लिहिलेलं राहतं, आणि कोणी उचलून वाचलं तर? मी चौथीतून शाळा सोडली. तेवढ्या शिक्षणावर एस.टी.च्या पाट्या वाचल्या, लग्नपत्रिका वाचल्या, दुकानातून पुडीला आलेलं वर्तमानपत्र वाचलं. स्वतःच्या मनातलं कधी लिहिलं नाही.

सायली माझी नात, रामेश्वरची थोरली. धारूरच्या शाळेत दहावीला आहे. रामेश्वर आणि सूनबाई मंगल ऊस तोडायला कर्नाटकात गेलेत, धाकट्या आरोहीला कडेवर घेऊन. एप्रिलशिवाय यायचे नाहीत. आमच्या वस्तीवर बावीस घरं, त्यातल्या सतरा घरांना आता कुलपं आहेत. उरलो ते म्हातारे आणि शाळेची लेकरं. जाताना रामेश्वर ट्रकमध्ये चढता चढता म्हणाला, "आबा, पोरीकडं ध्यान ठिवा." ध्यान ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं ते विचारणार होतो, तेवढ्यात ट्रक हलला.

सायलीला इंग्रजी शिकवणाऱ्या बबिता मॅडमनी तिचं नाव बीडच्या एका स्पर्धेत दिलंय. एक इंग्रजी क्रियापद निवडायचं आणि त्याचे अर्थ, त्याचे उपयोग यावर दहा मिनिटं उभं राहून बोलायचं. २७ जानेवारीला. सायलीने कीप निवडलं. रोज संध्याकाळी भाकरी झाल्यावर ती मला समोर बसवून बोलणार आहे.

"मलाच कावून?" मी विचारलं.

"तुमाला समजलं तर समद्यांला समजंल, आबा."

यात माझा अपमान आहे का, ते मी अजून ठरवलेलं नाही.

कीपचा पहिला उपयोग तिने सांगितला तो असा, की डायरी लिहीत नाहीत, डायरी कीप करतात. कारण एका दिवसात ते काम संपत नाही. म्हणून आज बसलो.

७ डिसेंबर

शेळी पाळणे म्हणजे कीप. दुकान चालवणे म्हणजे कीप. गप्प राहणे, कुणाला ताटकळत ठेवणे, दिलेला शब्द पाळणे, सगळं कीप. दूध उद्यापर्यंत टिकेल का, यातलं टिकणंही कीपच. मी म्हणालो, आपल्याकडे प्रत्येक कामाला वेगळा गडी असतो, यांनी एकाच गड्याला मरेस्तोवर राबवलाय. सायली हसली आणि म्हणाली, हे मी भाषणात घेते.

धारूरच्या घाटात वळणावर एक पाटी आहे, कीप लेफ्ट. बरोबरची माणसं वाचायची, मी ऐकायचो. चाळीस वर्षं मला वाटत होतं की ते रस्ता बांधणाऱ्या साहेबाचं नाव असावं. हे सायलीला सांगितलं नाही.

तिच्याकडे शाळेतून मिळालेला जाड शब्दकोश आहे. त्यात कीपच्या पुढे पहिलाच अर्थ दिलाय, राखणे. ते वाचून बरं वाटलं. मी जन्मभर तेच केलं. बद्रीनाथरावांच्या रानात ज्वारीला माळ्यावर उभा राहून गोफण फिरवली, पाखरं हाकलली. म्हणजे मी इंग्रजीत कीपर होतो, आणि मला माहीतच नव्हतं.

१२ डिसेंबर

लाल मोटारसायकल. आज दोनदा गेली. पोरगं चोवीस-पंचवीसचं, डोळ्यावर काळा चष्मा. आमच्या दारापुढे आल्यावर गाडी हळू करतो. आमच्या वस्तीच्या पुढे रस्ता संपतो, खाली दरी आहे. मग हा जातो कुठे?

सायलीला विचारलं, ओळखतेस का. ती म्हणाली, "न्हाई. पर शाळेतून येताना बी असतो."

उद्यापासून तिला एस.टी.पर्यंत सोडायला मी जाणार. माझ्या गुडघ्याने दोन किलोमीटर. माळ्यावर होतो तेव्हा गोफण होती. आता हातात काय आहे?

१८ डिसेंबर

आज काय झालं ते नीट लिहितो. उद्या मीच बदलून सांगेन अशी भीती आहे.

दुपारी पांढरी जीप आली. मुकादम अर्जुनराव उतरले. रामेश्वर त्यांच्याच टोळीत आहे. बरोबर तेलगावचे दोन पाहुणे आणि तो लाल गाडीवाला. त्याचं नाव सत्यम, अर्जुनरावांचा पुतण्या. रविवार होता, सायली घरी होती. तिने चहा केला.

अर्जुनराव म्हणाले, "धर्मातात्या, तुमी आमच्या टोळीतलं सगळ्यात वडीलधारं मानूस. इकडून चाललोतो, म्हनलं मान करून जावा."

पाहुण्यांपैकी एकाने सायलीला म्हटलं, "हात बघू गं, बाई." तिला वाटलं कप मागतोय. तिने कप पुढे केला. त्याने कप बाजूला ठेवला आणि तिचे पंजे उलटसुलट करून बघितले. म्हणाला, "हात चांगले हायेत. कोयता धरतेल." सायलीने हात ओढून घेतला आणि आत गेली.

मग अर्जुनरावांनी पिशवीतून टॉवेल, टोपी आणि नारळ काढला. टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला, टोपी डोक्यावर ठेवली, नारळ हातात दिला. मी घेतलं. चौघांनी नमस्कार केला आणि जीप गेली.

आमच्याकडे टॉवेल-टोपी कुणालाही देतात. सप्त्यात देतात, वास्तुशांतीत देतात, निवडून आलं की देतात. पण नारळासकट, घरात वयाची पोरगी असताना, पोराला बरोबर आणून देतात ते कशासाठी, हे मला ठाऊक नव्हतं असं मी या वहीत लिहू शकत नाही. मी "हे कशाबद्दल?" एवढं विचारलं असतं तरी चाललं असतं. पण मुकादमाच्या हातातली टोपी कोण अडवणार? रामेश्वर त्यांच्या हाताखाली, परमुलखात. आणि डोक्यावर टोपी होती तेवढा वेळ, खोटं कशाला लिहू, बरंही वाटत होतं.

१९ डिसेंबर

शेजारची छबुबाई सकाळीच दारात. तिला जीप दिसली होती.

"धर्माभाऊ, टोपी लई शोभती म्हनं तुमाला."

"मान केला त्यांनी. वडीलधारं म्हनून."

"सत्तर वर्सं झाली तुमाला, आत्ताच बरं वडीलधारं झालात! आवो, टोपी घेतली म्हंजे पोरगी दिली. हे लेकराला बी कळतंय."

"तसं काही बोलणं झालं न्हाई."

"बोलायचं कशाला ऱ्हायलंय? नारळ बोलतो की."

मी टॉवेल आणि टोपी पत्र्याच्या पेटीत खाली घातली आणि वरून धोतर दाबलं. नारळ तसाच कोनाड्यात आहे. फोडायचा धीर होत नाही.

संध्याकाळी सायलीने दोन शब्दांतला फरक शिकवला. टेक म्हणजे घेणे. कीप म्हणजे घेतलेलं जवळ ठेवणे. टेक एका घटकेत होऊन जातं. कीप मात्र रोज करावं लागतं, आणि मनात आलं तर कुठल्याही दिवशी सोडता येतं.

"समजा, तुमी टोपी टेक केली. आता ती कीप करायची का न्हाई, हे तुमच्याच हातात हाय."

पोरगी हुशार आहे. उदाहरण लगेच घरातलं देते. मी मान डोलावली. ती बराच वेळ माझ्याकडे बघत बसली, बहुतेक मला समजलं का ते तपासत असावी. नंतर जेवली नाही. अभ्यासाचा ताण असेल.

२८ डिसेंबर

छबुबाईच्या फोनवर रामेश्वरचा फोन आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज.

"आबा, मुकादम फडावर सांगत फिरतोय, आबांनी टोपी घेतली म्हनून."

"तू काय म्हनलास?"

"म्या काय म्हननार? घरात मोठे तुमी. इचार करूनच घेतली असंल."

मला सांगायचं होतं की विचार अजिबात केला नव्हता. पण छबुबाई शेजारी कान देऊन उभी होती. मी म्हणालो, बघू.

मग फोन मंगलने घेतला. अठरा वर्षांत ती माझ्याशी ताट वाढल्याचं आणि पाणी तापल्याचं सोडून काही बोलली नसेल.

"आबा, सायलीचा पैला पेपर कधी हाय?"

"फेब्रुवारीच्या शेवटाला, म्हनं."

"म्या नववीत हुते तवा," एवढं बोलली आणि थांबली. मग म्हणाली, "तिला म्हनावं, अभ्यास कर." फोन कटला.

नववीत होती तेव्हा काय? नववीतच तर तिला आमच्या घरी आणली. एवढं अर्धंच सांगायला तिने फोन का घेतला असेल, कळलं नाही.

३ जानेवारी

दाराच्या मागे भिंतीवर खडूने चार आकडे लिहिलेले दिसले. १०९८. सायलीला विचारलं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तिथं, आबा. कीप धिस नंबर."

परीक्षेचा बैठक क्रमांक असणार. मी त्यावर हळदकुंकू वाहिलं आणि एक फूल खोचलं. ते बघून सायली हसली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसली. हसता हसता डोळ्याला ओढणी लावली. लोक म्हणतात परीक्षेच्या दिवसांत लेकरं अशीच होतात.

लाल गाडी आता थांबते. समोरच्या लिंबाखाली. पोरगं शेंगा खातं आणि टरफलं तिथेच टाकतं. मी त्याच्यासमोर काठी आपटत बसतो. तो म्हणतो, "राम राम, तात्या," आणि मी काय करतो? मीही राम राम म्हणतो.

१० जानेवारी

अर्जुनरावांचा माणूस शहादेव येऊन निरोप सांगून गेला. २ फेब्रुवारी. लग्न तिकडे फडावरच उरकायचं.

"तुमी एवढ्या लांब यायची गरज न्हाई, तात्या. गाडी पाठवतो. पोरगी तेवढी बसवून द्या."

मी म्हणालो, "तिची परीक्षा हाय. आन वय बी बसत न्हाई."

"वयाचं काय, कागदावर करता येतंय. आन सत्यमचा कोयता अर्धा हाय ना, पुरा व्हाया पायजे."

उसाच्या फडात नवराबायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला कोणी विचारत नाही. हंगाम अर्धा गेला, म्हणून त्यांना घाई.

सायली आत पुस्तक घेऊन बसली होती. पान उलटल्याचा आवाज शहादेव जाईपर्यंत आला नाही.

संध्याकाळी तिने नवा उपयोग सांगितला. कीप पुढे फ्रॉम आलं की अर्थ होतो, एखाद्याला एखाद्या गोष्टीपासून अडवणे. तिचं वाक्य असं होतं, ही केप्ट हर फ्रॉम स्कूल. त्याने तिला शाळेपासून अडवलं.

"ही म्हंजे कोन?" मी विचारलं.

"कुनीबी असू शकतो. इंग्रजीत नाव सांगावं लागत न्हाई."

आज मात्र मला समजलं. पण मी समजल्याचं दाखवलं नाही.

११ जानेवारी

एक नाव या वहीत लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आज लिहितो.

मंजुळा. रामेश्वरची थोरली बहीण. माझी लेक. बत्तीस वर्षांपूर्वी याच ओसरीवर मी अशीच एक टोपी घेतली होती. तेव्हा माझी बायको आतून खुणावत होती, घेऊ नका. मी घेतली. समोर चार माणसं बसली होती, त्यांच्यासमोर बाईचं ऐकलं असं दिसलं असतं. मंजुळा चौदा वर्षांची होती. पहिल्या बाळंतपणाला ती फडावरच होती, उसाच्या पाचटाच्या कोपीत. कारखान्याचं ठिकाण मला नीट ठाऊकसुद्धा नव्हतं. निरोप चौथ्या दिवशी आला, ट्रकवाल्याच्या तोंडी. मी पोचलो तेव्हा तिथे राख पण नव्हती. त्या कोपीत दुसरंच कुटुंब राहायला आलेलं.

ती टोपी मी पुढे सात वर्षं वापरली. चांगली होती, फाटली नव्हती.

१३ जानेवारी

पेटी उघडली. बंद केली. तीनदा.

आजवर टॉवेल-टोपी परत केलेला माणूस मी पाहिलेला नाही. कुणी केली असं ऐकलेलंही नाही. कशी करतात? घडी घालून द्यायची की तशीच? नारळ आधी की नंतर? छबुबाईला विचारलं तर गावभर होईल. रामेश्वरचं काय करतील ते? रात्रीच्या पाळीला उभा करतील, गाडी भरायला एकटा सोडतील, वजनात मारतील. लेकाला राखायचं की नातीला? दोघांना एकदम राखेन एवढा मोठा मी नाही.

सायलीने आज शिकवलं नाही. म्हणाली, "तयारी झाली, आबा. आता फकस्त शेवटचं वाक्य ऱ्हायलंय."

१४ जानेवारी, संक्रांत

जाऊन आलो.

सकाळी निघालो. टॉवेल, टोपी, नारळ धुतलेल्या फडक्यात बांधले. अर्जुनरावांच्या वाड्यापर्यंत तीन वेळा थांबलो. दोनदा लघवीला आणि एकदा परत फिरायला. समोरून सायलीच्या वर्गातल्या दोन पोरी आल्या आणि म्हणाल्या, "आबा, सायली बीडला जानार हाय, आमी टाळ्या वाजवायला चाललोत." मग परत फिरता येईना.

अर्जुनराव बाजेवर बसले होते. सणाची चार माणसं होती, सत्यम होता. मला बघून उठले आणि मी काही बोलायच्या आत माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. "घ्या, तात्या. गोड बोला."

तिळगूळ तोंडात असताना वाईट कसं बोलायचं? मी तो चावला. लई वेळ चावला. गिळल्यावर फडकं सोडलं आणि बाजेवर ठेवलं.

अर्जुनराव म्हणाले, "हे काय?"

"तुमचंच हाय."

"परत आनलं? टोपी परत आननारा मानूस म्या जन्मात बघितला न्हाई, बरं का!" ते बाकीच्यांकडे बघून हसले. कोणी हसलं नाही. मग आवाज खाली आला. "धर्मातात्या, डोक्यावर घेतलीती तुमी. नमस्कार घेतलाता आमचा."

मी रस्ताभर जे पाठ केलं होतं ते सगळं विसरलो. तोंडून वेगळंच आलं. म्हणालो, "म्या राखनदार हाय, अर्जुनराव. चाळीस वर्सं दुसऱ्याचं रान राखलं. राखनदार पाखरं हाकलतो, पर कनीस कुनाला देत न्हाई. देयाचा हक त्याचा नसतो. ही पोरगी माझ्याकडं राखायला हाय. म्या टोपी घेतली ती माझी चूक. पोरगी माझी न्हाई देयाला."

"मग कुनाची हाय?"

"तिची तीच."

हे मी कुठून बोललो? शब्दकोशात नव्हतं.

सत्यम उठला. "कावून बे म्हाताऱ्या, आमची इज्जत..." अर्जुनरावांनी त्याला हाताने बसवलं. मला म्हणाले, "पुढल्या साली रामेश्वरला टोळीत कोन घेतो ते बघतो. आन पोरगी घराबाहेर पडंलच की. शाळा लांब हाय."

मी त्यांच्या पाया पडलो. का पडलो माहीत नाही, सवय. मग निघालो. परत येताना एकदाही थांबलो नाही.

सायली उंबऱ्यात उभी होती. माझ्या हातातलं रिकामं फडकं बघितलं. आत जाऊन तिने मला गुळाची पोळी वाढली, वर तुपाची धार, आणि शेजारी बसून स्वतःही दोन खाल्ल्या.

१६ जानेवारी

काल दिवसभर लिंबाखाली दोन मोटारसायकली होत्या. आज सायलीला शाळेत पाठवलं नाही. दाराला आतून कडी. मी ओसरीवर काठी घेऊन. पोरीला राखतोय की कोंडतोय, ते मलाच सांगता येईना.

आज दुपारी बबिता मॅडम आल्या. बरोबर जिल्ह्याच्या ऑफिसातली एक बाई आणि साध्या कपड्यातला एक पोलीस. भिंतीवरचा आकडा परीक्षेचा नव्हता. संकटातल्या लेकरांनी फोन करायचा नंबर आहे तो. सायलीने नाताळाच्या सुट्टीआधीच मॅडमच्या फोनवरून तिथे सगळं सांगितलं होतं.

"म्हंजे तू माझी तक्रार केलीस?" मी सायलीला विचारलं.

"तुमची न्हाई, आबा. लग्नाची." मग खाली बघून म्हणाली, "त्यांनी मला इचारलंतं, घरात तुज्या बाजूचं कोन हाय. म्या म्हनलं, आबा हायेत, पर त्यांना थोडा येळ द्या."

पोलिसाने माझ्याकडून लिहून घेतलं. मला वाटलं बेड्या घालतील. टोपी घेणारा मीच ना? त्याने विचारलं, "टोपी परत केली?" मी म्हणालो, केली. तो म्हणाला, "मग साक्षीदार म्हनून सही करा." मी सही केली. धर्मराज हे नाव एवढं नीट मी कधी लिहिलं नसेल. अर्जुनरावांना समज द्यायला ते पुढे गेले.

ठरलं असं, की परीक्षा संपेपर्यंत सायली बीडला मुलींच्या वसतिगृहात राहील. स्पर्धा तिथेच, परीक्षेचं केंद्रही ते बघतील. उद्या सकाळी मॅडम घेऊन जाणार. मी हो म्हणालो. म्हणताना वाटलं, राखायला दिलेली पोरगी मी पुन्हा दुसऱ्याच्या हाती देतोय. त्या बाईचं नाव मी विचारलं आणि वहीत लिहायचं ठरवलं. आता आठवत नाही.

१७ जानेवारी

सायली गेली. सकाळच्या एस.टी.ने. मॅडमनी तिला खिडकीची जागा दिली. शब्दकोश ती इथेच ठेवून गेली. "तिकडं मोठा हाय. हा तुमी कीप करा," म्हणाली. मी विचारलं, भाषणाचं शेवटचं वाक्य सापडलं का. म्हणाली, "संक्रांतीलाच सापडलं." कुठलं ते सांगितलं नाही, गाडी सुटली. पोचल्या पोचल्या छबुबाईच्या फोनवर कळवणार आहे.

आज लाल गाडी लिंबाखाली नाही. एकही दिवस चुकला नव्हता. आजच कुठे गेला? एस.टी.च्या मागे तर गेला नसेल?

दुपारी वस्तीचा डीपी मोठा आवाज होऊन जळाला. सगळीकडची लाईट गेली.

१८ जानेवारी

निरोप नाही. छबुबाईकडे सकाळपासून नऊ वेळा गेलो. ती चिडली.

"आला की सांगंन म्हनलं ना! फोन मुका झालाय माजा, लाईटीबिगर त्याचं तोंड बी उजळंना. तुमी अजून कशाला जीव खाता?"

तिचा फोनसुद्धा आजच मुका व्हायचा होता. माणसाची वेळ आली की सगळं एकदम येतं. लाईट अजून नाही. वायरमन म्हणतो, नवा डीपी यायला चार दिवस.

पिठाची गिरणी बंद, म्हणून भात केला. दोघांचा शिजवला.

१९ जानेवारी

लाल गाडी परत आली. सकाळी दारापुढून गेली, थांबली नाही. पोराने माझ्याकडे बघितलंही नाही. हा परत आला म्हणजे काय समजायचं? गेला कुठे होता? काम उरकून आला का? छबुबाई म्हणते, दोन दिवस ठाण्यावर बसवलाता त्याला, चुलत्यासकट. छबुबाईला कोण सांगतं कुणास ठाऊक. ती माझं मन राखायला बोलते.

शब्दकोश काढून कीपचं पान वाचत बसलो. सायलीने न शिकवलेले अजून अकरा उपयोग आहेत. एक असा आहे, कीप द डोअर ओपन. दार उघडं ठेवणे. आज दिवसभर कडी घातली नाही. शेळी दोनदा आत येऊन गेली.

सायले, ही वही तू वाचायची नाहीस असं ठरलंय, तरी तुलाच लिहितो. तू शहाणी आहेस, तुझ्यासोबत मॅडम आहेत, पोलिसांनी कागद केलाय, हे सगळं मला समजतं. समजून भीती जात नाही. मंजुळेचा निरोप चौथ्या दिवशी आला होता. आज तिसरा संपत आला. मला चौथा दिवस बघायला लावू नकोस. फोन लागत नसेल तर एस.टी.च्या कंडक्टरजवळ चिठ्ठी दे, नाहीतर मॅडमना सांगून शाळेच्या पोरींकडे पाठव. भाषणाचं कसं होतंय, शेवटचं वाक्य काय, ते सगळं मागाहून. आता फक्त पोचले एवढं एक अक्षर लवकर कळव. मी ओसरीवरच आहे.